बीट उपटण्याआधी

ब्रिटनमध्ये परसातल्या बिटाची वाईन घरच्यापुरती करायला परवाना लागत नाही; ती विकता मात्र येत नाही. (महाराष्ट्रात घरी करायलाही परवाना लागतो, तेव्हा कृती गावी पाठवताना हे सांगा.) इथला हिशेब साडेचार लिटरच्या एका डेमिजॉनचा (अरुंद तोंडाची मोठी काचेची बाटली), म्हणजे जेमतेम सहा बाटल्यांचा.

बीट सगळ्यात शेवटी उपटायचं. आधी स्टीलचं मोठं पातेलं (आंबटाला ॲल्युमिनियम नको), झाकणाची 10 लिटरची बादली, मलमलचं फडकं, नळी, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी नळी) बसेल असं भोकाचं बूच आणि हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे त्यातली साखर मोजायचं साधन) जमवा. बादली, डेमिजॉन आणि नळी निर्जंतुक केलेली हवीत. चिलटं बसली की वाईनचा व्हिनेगर होतो, म्हणून बादली उघडी ठेवू नका.

सामान: बीट 1.8 किलो, साखर 1 किलो, दोन मोठी लिंबं, कपभर कडक कोरा चहा, पेक्टिक एन्झाइम (वाईन गढूळ करणारं पेक्टिन तोडणारं), यीस्ट न्यूट्रियंट (यीस्टचं खाद्य) एक चमचा, कॅम्पडेनची (जंतू मारणारी सल्फाइटची) एक गोळी आणि वाईन यीस्टचं 5 ग्रॅमचं पाकीट. पावाचं यीस्ट चालतं म्हणतात, पण त्याचा साका घट्ट बसत नाही, नळी लावली की उसळतो. लिंबू विसरलात तर वाईन मिळमिळीत होते, कारण बिटात आंबटपणा जवळजवळ नसतोच. तुरटपणा चहातून येतो.

बीट घासून धुवा, सालं जाड काढा, कारण मातकट वास तिथेच जास्त असतो. फोडी मऊ होईतो उकडा, पण लगदा नको. लगद्याने वाईन गढूळच राहते. गाळलेल्या गरम पाण्यात साखर विरघळवून थंड पाण्याने साडेचार लिटर करा. एन्झाइम पूर्ण गार झाल्यावरच, उष्णतेने ते मरतं. गोळीही तेव्हाच कुस्करून टाका आणि यीस्ट 24 तासांनी, नाहीतर गोळी यीस्टलाच दाबते. हायड्रोमीटर 1.090च्या आसपास हवा. कमी असेल तर साखर वाढवा.

पाच दिवस 20 अंशांच्या आसपास बादलीत, मग डेमिजॉनमध्ये. बिटाचा लाल रंग उजेडाने विटकरी होतो, तेव्हा डेमिजॉनला जाड कागद गुंडाळायला ठेवाच. बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरू नका, हायड्रोमीटर 0.995वर येऊन आठवडाभर हलला नाही तरच. घाई केलीत तर बूच उडतं, किंवा बाटलीच. चाखायला वर्षभर थांबावं लागतं.