रोमन थडग्यातला जोडा कसा उचलावा

ब्रिटनमधल्या रोमनकालीन दफनांत जोडा क्वचितच जोड्यासारखा दिसतो. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलँडा या रोमन किल्ल्यासारख्या चिंब, हवा न पोचणाऱ्या मातीत चामडं टिकतं. विंचेस्टरच्या लँकहिल्स दफनभूमीसारख्या निचऱ्याच्या जमिनीत ते कुजतं आणि मागे राहतात तळव्याला ठोकलेले लोखंडी खिळे, आपल्या चांभाराच्या चुकांचे, म्हणजे बारीक खिळ्यांचे, थोराड भाऊबंद. घुमटी डोकं साधारण सेंटिमीटरभर, खाली आखूड दांडा. एकेका तळव्यात वीस-पंचवीस असतील, नाहीतर शंभराच्या घरात.

पायांकडची माती खरवडताना गंजाचा पहिला गोळा लागला की खुरपं ठेवा. पुढचं काम लाकडी काडी आणि मऊ ब्रश. खिळे उघडे करा, पण मातीतून सोडवू नका. शवपेटीचे खिळेही इथे मिसळतात. ते लांब असतात, खड्ड्याच्या कडेने सापडतात आणि त्यांच्या गंजात लाकडाच्या रेषा उमटलेल्या असतात.

आता डोकी कुठे वळली आहेत ते पाहा. उताण्या देहाच्या पायात जोडा असेल तर डोकी थडग्याच्या पायांकडच्या टोकाकडे तोंड करतात, अर्थात चामडं कुजताना बरेच खिळे ढळलेले असतात. टोकं वर आणि डोकी खाली असतील तर जोडा बहुधा शेजारी सरळ ठेवला होता. डोकी वर असतील तर तुम्ही तळवा खालून पाहताय, म्हणजे डावा उजव्यासारखा दिसणार. नकाशात हमखास फसगत होते ती इथेच, म्हणून प्रत्येक खिळ्याच्या क्रमांकाशेजारी ‘डोकं वर’ की ‘खाली’ हे लिहाच. मोजपट्टी ठेवून सरळ वरून फोटो घ्या.

खिळे दाट असतील तर एकेक वेचू नका. भोवती चर खणून मातीचा ठोकळा मोकळा करा, प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, वर प्लॅस्टरच्या पट्ट्या चढवा, त्या सुकल्यावर खालून पत्रा सरकवा. फिल्म विसरलात तर प्लॅस्टर थेट गंजाला चिकटतं आणि काढताना डोकी उखडतात. ठोकळ्यावर उत्तर दिशा लिहा, मग क्ष-किरण. बाहेरून नुसता गंज दिसतो. आत एकेरी ओळ आहे की दुहेरी, मधे नक्षी आहे का, हे चित्रातच कळतं.

दांड्याचं टोक बहुधा वाकवलेलं असतं. डोक्याच्या खालच्या बाजूपासून त्या वाकापर्यंतचं अंतर म्हणजे खिळ्याने धरलेल्या चामड्याची जाडी. दांड्याला चिकटलेला तपकिरी थर खरवडू नका, त्यात चामड्याचा पोत खनिजरूपात उतरलेला असू शकतो.

पाण्याने धुणं वर्ज्य. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून आर्द्रता 20 टक्क्यांखाली ठेवा, नाहीतर काही महिन्यांत डोक्यांचे पापुद्रे सुटतात. राहिलेली माती फेकू नका. 4 मिमीच्या चाळणीतून, मग 2 मिमीच्या चाळणीतून कोरडीच काढा. तुटलेली टोकं तिथेच सापडतात.