अ‍ॅक्शन पिक्चर निवडायचा कसा आणि बघायचा कसा: आपल्यासारख्या साध्या प्रेक्षकासाठी

गोव्यात साखळी, फोंडा किंवा काणकोणहून चार माणसं पिक्चरला निघाली की तिकीट, पेट्रोल, पॉपकॉर्न, येताना कुठेतरी जेवण, हे सगळं धरून बऱ्यापैकी पैसे जातात. त्यामुळे पिक्चर नीट निवडून जावं असं मला फार वाटतं. मी समीक्षक नाही, साधा प्रेक्षक आहे, पण अ‍ॅक्शन आणि अ‍ॅडव्हेंचर पिक्चर मला मनापासून आवडतात आणि ते थेटरातच बघायचे असतात या मताचा आहे. ओळखीतले लोक सारखे विचारतात की बाबा हा बघू की नको, म्हणून माझी निवडायची पद्धत एकदाच लिहून टाकतोय.

हिरो कोण आणि बजेट किती हे मी आता बघतच नाही. मी एकच गोष्ट बघतो, फाईट चालू असताना कोण कुठे आहे, कुठून कुठे चाललाय आणि हरला तर त्याचं काय जाणार आहे हे मला कळतंय का. हे कळत असलं की साधी धक्काबुक्कीसुद्धा खुर्चीला खिळवून ठेवते, आणि कळत नसलं तर शंभर गाड्या उडवा, दहा मिनिटांत माणूस मोबाईल काढतो.

आता हे तिकीट काढायच्या आधी कसं ओळखायचं? ट्रेलर आवाज बंद करून बघा, खरंच करून बघा. ट्रेलरमधला निम्मा जोर त्या ढुम् ढुम् म्युझिकचा असतो, तो काढला की खाली काय उरतं ते लगेच दिसतं. मग एकच बघायचं की लाथ उचलली तिथपासून समोरच्याला लागली तिथपर्यंत एकाच शॉटमध्ये दिसते का, की हात उचलला, कट, तोंड वेडंवाकडं झालं, कट, माणूस भिंतीवर आपटला, असं तुकड्यातुकड्यांत दाखवलंय. तुकड्यांत असेल तर बहुतेक वेळा हिरोला ते जमत नाहीये आणि एडिटिंगमध्ये झाकलंय असं समजा.

पण पटापट कट म्हणजे वाईटच असंही नाही हां. २०१५ चा मॅड मॅक्स: फ्युरी रोड घ्या, दोन तासांच्या पिक्चरमध्ये सुमारे २७०० कट आहेत, तरी एकदासुद्धा गोंधळायला होत नाही. कारण जॉर्ज मिलरने बघायची गोष्ट जवळजवळ प्रत्येक शॉटमध्ये फ्रेमच्या मधोमध ठेवली. शॉट बदलला तरी आपले डोळे तिथेच असतात, शोधत बसावं लागत नाही. एडिटिंग मार्गारेट सिक्सेलचं, तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि माझ्या मते ते अगदी योग्य हातात गेलं.

याच्या उलटं उदाहरण आपल्या गोव्यातलंच आहे. २००४ च्या द बॉर्न सुप्रिमसीची सुरुवात गोव्यात होते, जीपचा पाठलाग, नारळाची झाडं, अरुंद रस्ते, शेवटी गाडी पुलावरून नदीत जाते. कॅमेरा सारखा हलत असतो, पण आपण पूर्ण वेळ बॉर्नबरोबर गाडीत असतो, मागे कोण आहे आणि शेजारी कोण बसलीय हे माहीत असतं, त्यामुळे ती हलकल्लोळ पद्धत तिथे चालून जाते. त्यानंतर कित्येकांनी नुसता हलता कॅमेरा उचलला आणि बाकीचं काहीच उचललं नाही, आणि मग दहा-बारा वर्षं आपण डोकं धरून पिक्चर बघत होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे नावं वाचा, हिरोचं नाही, डायरेक्टरचं आणि अ‍ॅक्शन डायरेक्टरचं. जॉन विकवाला चॅड स्टाहेल्स्की आधी स्टंटमॅन होता, मेट्रिक्समध्ये तो कियानू रीव्हजचा डुप्लिकेट होता, म्हणून त्याला माहितीये की पडल्यावर माणूस उठतो कसा आणि किती वेळाने उठतो. चौथ्या भागात (२०२३) एक सीन आहे, कॅमेरा छताच्या वर जातो आणि सगळ्या खोल्या वरून दिसायला लागतात, जॉन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातोय, पुढच्या दारामागे कोण उभा आहे ते आपल्याला दिसतंय पण त्याला दिसत नाहीये. बराच वेळ कट नाहीच. थेटरात मी श्वास धरून बघितलंय हे. पिक्चर पावणेतीन तासांच्या पुढे आहे आणि मधली बडबड थोडी कमी चालली असती, पण त्या एका सीनसाठी तिकीट वसूल.

ऑस्करवाल्यांनी २०२५ मध्ये स्टंट डिझाईनसाठी वेगळं ऑस्कर जाहीर केलं, २०२७ मध्ये येणाऱ्या पिक्चर्सना ते २०२८ मध्ये मिळणार. इतकी वर्षं हाडं मोडून घेणाऱ्या या लोकांना एक बाहुली मिळायला शंभरावा सोहळा यावा लागला, याचं मला खरंच वाईट वाटतं. आता निदान मिळतंय.

तिसरं, जागा बघा. फाईट कुठे आहे? जागा जेवढी लहान, तेवढी फाईट चांगली, हा माझा अनुभव आहे. मिशन इम्पॉसिबल: फॉलआऊटमधली (२०१८) पॅरिसच्या टॉयलेटमधली मारामारी आठवा. पांढरं चकाचक टॉयलेट, टॉम क्रूझ आणि हेन्री कॅव्हिल असे दोघं, समोर एकटा लियांग यांग, जो स्वतः स्टंटमॅन आहे. म्युझिक जवळपास नाहीच, नुसता बुटांचा, आरशाचा, भिंतीवर आपटल्याचा आवाज. आणि तो एकटा दोघांना भारी पडतोय! कॅव्हिल कोट काढून मुठी आवळून पुन्हा येतो तरी उपयोग होत नाही. हिरो लोक दमतात, धापा टाकतात, घाबरतात, आणि म्हणूनच आपल्याला त्यांची काळजी वाटते. न दमणाऱ्या हिरोची काळजी कोण करणार?

आपल्याकडे हेच किलने (२०२४) केलं. निखिल नागेश भटचा पिक्चर, जवळपास सगळा ट्रेनच्या डब्यात. बर्थ, पडदे, डब्यांची दारं, अरुंद बोळ, ज्यात दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत. पिक्चरचं नाव पडद्यावर येतं तेव्हा निम्मा पिक्चर होत आलेला असतो, आणि तिथून हिरो वेगळाच माणूस होतो. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे दरोडेखोर एकाच कुटुंबातले आहेत, त्यांचा माणूस मेला की ते रडतात, त्यामुळे प्रत्येक मरणाचं वजन आपल्यावर येतं. रक्तपात प्रचंड आहे, कमकुवत काळजाच्या लोकांनी जाऊ नये, लहान मुलांना तर अजिबात दाखवू नका.

आणि मराठीत पावनखिंड (२०२२). दिग्पाल लांजेकरकडे राजामौलीएवढे पैसे नव्हते हे दिसतं, पण जागाच अशी आहे की पैशांची कमी भरून निघते. अरुंद खिंड, समोर फौज, मागे राजे विशाळगडाकडे निघालेत, तोफेचे आवाज होईपर्यंत थांबायचंय. कोण कुठे आहे आणि काय पणाला लागलंय हे आपल्याला शाळेपासून पाठ, डायरेक्टरने फक्त ते विस्कटू द्यायचं नव्हतं. अजय पूरकरांचा बाजीप्रभू शेवटी उभा राहतो तेव्हा डोळ्यात पाणी आलं नाही असा मराठी माणूस मला दाखवा.

व्हीएफएक्सबद्दल लोक उगाच भांडतात. कॉम्प्युटरवर केलं म्हणून वाईट असं काही नसतं. जपानचा गॉडझिला मायनस वन (२०२३) बघा, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ पैशांत केलेला आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर घेऊन गेला, कारण लाटेत होडी हलते तेव्हा होडीतली माणसं खरी घाबरलेली असतात. आरआरआरमधला (२०२२) पुलाचा सीन तर भौतिकशास्त्राला धरून अजिबात नाही, पण किती स्वच्छ आहे बघा. खाली नदीत पोरगा अडकलाय, आजूबाजूला आग, एक जण पुलावर, एक खाली काठावर, दोघं अनोळखी, नुसत्या हाताच्या खुणा होतात, एक घोड्यावर एक मोटरसायकलवर, मधे दोर, दोघं पुलाच्या दोन बाजूंनी उडी मारतात, पोराला उचलतात, झेंडा ओला करून आगीतून जातात. एक शब्द न बोलता दोघांची दोस्ती होते आणि आपल्याला ती पटते. उलट वॉर २ (२०२५) मला बिलकुल आवडला नाही, एवढे दोन मोठे स्टार, पण ट्रेनवर, विमानावर, कुठेही मारामारी झाली तरी कुणाला काही लागत नाही, वजनच नाही कशाला. पहिला वॉर त्याच्यापेक्षा कितीतरी बरा होता.

मिशनचा शेवटचा भाग, द फायनल रेकनिंग (२०२५), याबद्दल मला खूप जण विचारतात. पहिला तास नुसत्या बैठका आणि जुन्या भागांचे तुकडे, तेव्हा धीर धरा. मग पाणबुडीतला सीन येतो, जवळजवळ संवादाशिवाय, आणि शेवटी दोन छोटी विमानं, एक लाल एक पिवळं, आणि साठी ओलांडलेला टॉम क्रूझ खरोखर विमानाच्या पंखावर. वाऱ्याने त्याचे गाल कसे थरथरतात ते बघा, ते कुठल्याच कॉम्प्युटरवर होत नाही. हा घरी मोबाईलवर बघायचा पिक्चर नाही. एफ वन (२०२५) पण तसाच, स्टोरी आपण शंभरदा बघितलीय, पण इंजिनचा आवाज थेटरातच पोटात जाणवतो.

छावा (२०२५) आपल्या गोव्यात टॅक्स फ्री झाला होता, बऱ्याच घरांतून आजी-आजोबांपासून सगळे गेले. लढाया जोरदार आहेत, विकी कौशलने जीव ओतलाय, पण शेवटचा छळाचा भाग लांब आणि फार जड आहे. ओटीटीवर मुलांबरोबर बघणार असाल तर आधी त्यांच्याशी थोडं बोला, मग लावा.

सर्टिफिकेट वाचायची सवय लावा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून यूए चे तीन प्रकार झालेत, ७+, १३+ आणि १६+. यूए १६+ लिहिलंय आणि आपण सात वर्षांच्या पोराला घेऊन गेलो तर दोष थेटरवाल्याचा नाही. धुरंधर (२०२५) तर सरळ ए आहे आणि साडेतीन तासांच्या वर आहे, म्हणजे पोरं घरी कुणाकडे ठेवायची ते आधी ठरवा.

लांबीवरून आठवलं, शो निवडताना परतीचा विचार आधी करा. रात्री उशिरा कदंबाची बस मिळत नाही हे आपल्याला माहीत आहे, दिवाडी-चोडणच्या लोकांनी फेरीबोटीची वेळ बघूनच तिकीट काढावं, क्लायमॅक्स सोडून पळायला लागलं तर जीव हळहळतो. दुपारचा शो सगळ्यात चांगला, गर्दी कमी आणि लोक फोनवर बोलत नाहीत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीच्या आयनॉक्सला इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असतो, २००४ पासून तो गोव्यातच होतो, तेव्हा नेहमीचे शो कुठे लागलेत ते अ‍ॅपवर बघूनच घराबाहेर पडा, पर्वरी किंवा मडगाव बघा.

सीट मधल्या रांगांच्या थोडं मागे आणि अगदी मधोमध घ्या, बाजूला बसलात तर एका बाजूचाच आवाज कानात घुमतो. थ्रीडी मी शक्यतो टाळतो, चष्म्यामुळे चित्र काळपट होतं आणि रात्रीच्या फाईटमध्ये काहीच दिसत नाही. एकदा एका थेटरात आवाज इतका कमी होता की शेजारच्याचं चिप्स खाणं ऐकू येत होतं, आम्ही इंटरव्हलमध्ये जाऊन शांतपणे सांगितलं तर त्यांनी लगेच वाढवला. तर सांगत जा, गप्प बसू नका.

भाषेचं म्हणाल तर इंग्लिश पिक्चर इंग्लिशमध्येच बघा, पण आई-बाबा बरोबर असतील तर हिंदी डबिंग खुशाल घ्या, त्यांना मजा येणं महत्त्वाचं. साऊथच्या पिक्चरला मूळ भाषेचा शो सबटायटलसकट मिळाला तर तोच घ्या. लोका चॅप्टर वन: चंद्रा (२०२५) मी मल्याळममध्येच बघा म्हणेन, केरळच्या यक्षीच्या गोष्टीवरून केलेली सुपरहिरो बाई, कल्याणी प्रियदर्शनने कमी बोलून नुसत्या उभं राहण्यातून जो दरारा केलाय तो डबिंगमध्ये अर्धा जातो.

आणि पहिल्याच दिवशी धावायची गरज नाही. सोमवारपर्यंत थांबा, आपल्यासारखीच आवड असलेली दोन माणसं बघून येतील, त्यांना पिक्चर कसा आहे असं विचारू नका, कुठली फाईट लक्षात राहिली ते विचारा. पटकन एखादी सांगितली तर तिकीट काढा. पण फार थांबू नका, दुसऱ्या शुक्रवारी नवीन पिक्चर आला की आपल्याकडे जुन्याचे शो एकदम कमी होतात आणि उरलेला एक शो नेमका रात्री दहाचा असतो.