सुनेच्या घराण्यातली काळ्या पाण्यावरची बाई: माग कसा काढावा

माझी सून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टची. नातीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला, तेव्हा तिच्या आईकडच्या सातव्या पिढीत एक बाई निघाली. नावापुढे एवढंच: फोर्जरी (बनावटगिरी), चौदा वर्षं. म्हणजे इंग्लंडने कैदी म्हणून टास्मानियाला धाडलेली बाई. माझी उमेद मोडी कागद वाचण्यात गेली, म्हणून सून म्हणाली, "आई, तुम्हीच बघा." दोन हिवाळे त्यात गेले. ज्यांच्या घरात आता ऑस्ट्रेलियातल्या सुना-जावई आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

शोध शेवटाकडून सुरू करा. आधी मृत्यू, मग लग्न, मग जहाज. जहाजाचं नाव हाती लागल्याशिवाय पुढे सरकू नका. एकेका नावाच्या ढीगभर बाया आल्या; दप्तरात त्यांची ओळख नाव आणि जहाज या जोडीनेच पटते. वय जुळलं म्हणून मी चार महिने भलत्याच बाईच्या मागे होते. टास्मानियन आर्काइव्हजच्या (तिथला सरकारी दप्तरखाना) नेम्स इंडेक्समध्ये नाव घातलंत की मूळ पानांची छायाचित्रं घरबसल्या, फुकट दिसतात.

१८४३पर्यंत आलेल्या बायांच्या वर्तनाची वही म्हणजे 'कॉन ४०'. खटला कुठे झाला, शिक्षा किती, आणि खाली टास्मानियात आल्यावरचे गुन्हे. अक्षर घाईचं आणि संक्षेपांनी भरलेलं, अगदी मोडीसारखं. एकट्या शब्दावर अडू नका; त्याच लेखनिकाची शेजारची पाच-सहा पानं वाचा, त्याचा हात ओळखीचा होतो. 'टीएल' म्हणजे तिकिट ऑफ लीव्ह, शिक्षा संपण्याआधी स्वतः कमावून राहण्याचा परवाना; 'सीपी' म्हणजे कंडिशनल पार्डन, अटींवर माफी. 'क्राइम क्लास' दिसलं तर ती कॅस्केड्ससारख्या फीमेल फॅक्टरीत, म्हणजे बायांच्या तुरुंगात, शिक्षेच्या वर्गात, कपड्यांवर पिवळा 'सी' लावून, धुण्याच्या टबापाशी उभी होती असं समजा. कॅस्केड्सची जागा होबार्टमध्येच आहे. जाऊन या.

पण ही वही फक्त तिच्या चुका सांगते. तिथेच थांबलात तर बाईवर अन्याय होईल.

म्हणून लंडनला वळा. खटला तिथला असेल तर ओल्ड बेलीची, म्हणजे लंडनच्या फौजदारी कोर्टाची, कार्यवाही ऑनलाइन आहे. आम्हाला तिथे दोन ओळी मिळाल्या: बनावट नोटा जवळ बाळगल्याचा गुन्हा कबूल, चौदा वर्षं. मी हिरमुसले. नंतर कळलं, सगळी गोष्ट त्या 'कबूल'मध्येच आहे. १७९७मध्ये बँक ऑफ इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. नक्कल सोपी, आणि नोट आता गरिबाच्याही हातात. खोटी नोट खपवली तर फाशी. १८२१पर्यंत अशा खटल्यांत तीनशेहून जास्त माणसं फासावर गेली. १८०१च्या कायद्याने नुसत्या बाळगण्याला चौदा वर्षं हद्दपारी ठरली, आणि बँकेचे वकील ती कबुली पुढे करत. गळफास की समुद्र, एवढीच निवड. साक्षीपुरावा झालाच नाही, तर ओळी येणार कुठून? आणि फोर्जरी या शब्दावर जाऊ नका. बहुतेक बायांनी नोट छापलेली नसायची, दुकानात देऊन सुटे घेतलेले असायचे.

आता सर्वांत मोलाचं. लंडनमधल्या न्यूगेटच्या तुरुंगातून या बाया बँकेलाच पत्रं लिहीत: अंगावर कपडे नाहीत, पोरं उपाशी आहेत, जहाज निघायच्या आत काही द्या. बँक निघणाऱ्या बायांना पाच पौंड देत असे. लंडन रेकॉर्ड सोसायटीने ही पत्रं २००७ साली छापली आहेत. आमच्या बाईचं पत्र त्यात नाही. तरी मी सगळी वाचली, आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

परत टास्मानियात या. कैदी बाईला लग्नाला सरकारी परवानगी लागे. ते अर्ज 'कॉन ५२'मध्ये आहेत. आणि ऑर्फन स्कूलच्या नोंदी चुकवू नका. आई हयात असूनही मूल दोन-तीन वर्षांचं झालं की तिथे नेत. आमच्या बाईची मुलगी मला तिथेच सापडली. तिच्यापासून नातीपर्यंत साखळी जुळली.

नातीने तक्त्यावरचं 'फोर्जरी' खोडलं आणि लिहिलं: एक पौंडाच्या खोट्या नोटा जवळ सापडल्या.