जुन्या गाडीला एलईडी टेल लाइट लावल्या आणि घोळ सुरू झाला? असा शोधा दोष

मोठ्या हौसेनं एलईडी बसवल्या आणि इंडिकेटर वेड्यासारखा फडफडायला लागला. किंवा ब्रेक दाबला की टेल लाइट विझते, किंवा किल्ली काढली तरी मागे लाल काजवा चमकत राहतो. अशा वेळी पहिला संशय नव्या दिव्यावर जातो. बहुतेक वेळा दोष दिव्यात नसतो. जुनी वायरिंग फिलामेंटच्या बल्बसाठी केलेली असते. २१ वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर खातो, तर त्याच जागी बसणारी एलईडी साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागते. ओल-गंजातून होणारी करंटची थोडीफार गळती त्या बल्बच्या भुकेत लपून जायची. एलईडी इतक्या थोड्या करंटवर पेटते की तीच गळती आता उघडी पडते.

म्हणून काढलेले बल्ब फेकू नका. तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं तपासणीचं हत्यार तेच आहे. शिवाय एक साधा मल्टिमीटर, दोन मीटर वायर आणि पॉलिश पेपर हाताशी ठेवा. वायर कापायची किंवा जोडायची असेल तेव्हा बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढून ठेवा.

पायरी १: जुना बल्ब परत लावा

जो दिवा त्रास देतोय, फक्त त्याच होल्डरमध्ये जुना बल्ब घाला. सगळं सुरळीत झालं, तर प्रश्न कमी करंटचा किंवा उलट्या जोडणीचा आहे. बल्बही मंद पेटला तर दोष वायरिंगमध्ये आहे, थेट तिसऱ्या पायरीकडे जा.

पायरी २: अजिबात पेटत नसेल तर

बल्बला प्लस-मायनस कळत नाही, एलईडीला कळतं. पाचरीसारख्या बुडाचा दिवा असेल तर तो काढून उलटा फिरवून घाला. वायरवर जोडलेला असेल तर दोन वायरी अदलाबदल करून बघा. फार जुन्या काही गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस बॉडीला जोडलेलं असतं, काहींची वायरिंग ६ व्होल्टची असते. अशा गाडीत नेहमीची १२ व्होल्टची एलईडी चालणार नाही.

पायरी ३: अर्थ तपासा, आणि नीट तपासा

अर्थ म्हणजे करंट दिव्यातून बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाण्याची वाट. इथे घाई करू नका. मी केली होती. टेलला एलईडी लावली होती, ब्रेकला जुनाच बल्ब ठेवला होता. ब्रेक दाबला की टेल विझायची. एलईडी खराब म्हणून दुसरी आणली, तरी तेच. शेवटी मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन दिव्याच्या अर्थच्या वायरला लावून मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगितला. जिथे शून्याच्या आसपास दिसायला हवं तिथे ५ व्होल्ट! स्क्रू उघडला तर अर्थच्या गोल टर्मिनलखाली रंगाचा जाड थर होता. ब्रेकच्या बल्बाचा सगळा करंट त्या अरुंद वाटेनं जाऊ बघायचा, अर्थच वर चढायचं आणि टेलच्या एलईडीला पेटण्यापुरते व्होल्ट उरायचेच नाहीत.

ही तपासणी जुना बल्ब लावून, तो पेटलेला असतानाच करा. एलईडी इतका कमी करंट घेते की खराब अर्थवरही मीटर ठीक दाखवतं. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर जोड खराब समजा. खात्री हवी असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक वायर थेट दिव्याच्या अर्थला लावा. दिवे लगेच शहाण्यासारखे वागले, तर चोर सापडला.

उपाय साधा आहे. स्क्रू काढा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, टर्मिनल घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीसचा पातळ हात फिरवा. होल्डरच्या आतला हिरवट थरही काढा. प्लास्टिकच्या बंपरवर दिवा असेल तर बॉडीपर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढलेलीच बरी.

पायरी ४: इंडिकेटर

इथे तीन वेगळी दुखणी असतात.

न लुकलुकता नुसता पेटून राहतो किंवा पेटतच नाही: जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, करंटनं तापून चालतो. एलईडीचा करंट त्याला तापवायला पुरत नाही.

फार जोरात लुकलुकतो: फ्लॅशरला वाटतं की एक बल्ब उडालाय, आणि तो तुम्हाला सावध करतोय.

या दोन्हींवर माझ्या मते एकच नीट इलाज आहे: लोडवर (दिवे किती करंट खातात त्यावर) अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. विकत घेण्यापूर्वी जुन्याच्या पिना मोजा आणि त्यांच्यावरची अक्षरं बघा. बी म्हणजे सप्लाय, एल म्हणजे दिव्यांकडे, तिसरी ई असेल तर ती अर्थ. पिनांचा क्रम वेगळा असलेले फ्लॅशरही मिळतात. बी आणि एल उलटे झाले तर तो चालत नाही.

दुसरा मार्ग बल्बचा करंट भरून काढणाऱ्या ६ ओहमच्या ५० वॉटच्या रेझिस्टरचा. काम होतं, पण तो २ अँपिअर करंट नुसता उष्णतेत घालवतो आणि पेटता असताना २४ वॉटहून जास्त तापतो. हात लावाल तर भाजेल. प्लास्टिकवर, वायरींच्या गुंत्यावर किंवा डिकीच्या कापडावर तो कधीही लावू नका, फक्त उघड्या पत्र्यावर स्क्रूनं पक्का बसवा.

तिसरं दुखणं सगळ्यात चक्रावून टाकणारं: डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकतात. अनेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एकच दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. डावी बाजू चालू असताना त्याला अर्थ मिळतो तो उजव्या बल्बांच्या फिलामेंटमधून. तो करंट बल्ब पेटवायला अपुरा, पण एलईडी पेटवायला भरपूर! यासाठी १एन४००७ हे दोन साधे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे छोटे भाग) घ्या. एक डाव्या वायरपासून, एक उजव्या वायरपासून. दोन्हींच्या चंदेरी पट्टीच्या बाजू एकत्र करून डॅशबोर्डच्या दिव्याच्या एका टोकाला जोडा, दुसरं टोक थेट अर्थला. सोल्डर केलेल्या जागी स्लीव्ह चढवायला विसरू नका.

पायरी ५: टेल आणि ब्रेक सारखेच दिसतात, किंवा बंद असून मंद चमक

दोन फिलामेंटच्या बल्बाच्या जागी लावलेल्या एलईडीत टेल आणि ब्रेकच्या वायरी उलट झाल्या असतील तर टेलच झगझगते आणि ब्रेक दाबल्यावर फरकच पडत नाही. वायरी बदला. हे असंच सोडू नका, मागच्याला तुम्ही थांबताय हे कळणार नाही.

टेल लावली की ब्रेकच्या वायरवरही व्होल्ट दिसत असतील, तर एलईडीच्या आतूनच करंट उलटा येतोय. ती एलईडी बदला. सगळं बंद असताना मंद चमक राहत असेल तर कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडात) ओल, गंज किंवा मातीचा थर शोधा. इथे मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवून फसवतो. जुना बल्ब त्या वायरवर लावा. व्होल्ट कोसळले तर ती नुसती गळती आहे.

पायरी ६: एलईडी वारंवार उडत असतील

इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. १५ च्या वर गेले तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बदला. काही जुन्या दुचाकींमध्ये टेल लाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनच्या एसी करंटवर चालते. तिथे एलईडी थरथरते आणि लवकर मरते, म्हणून तिची वायर बॅटरीच्या लाइनवर घ्या, मध्ये फ्यूज ठेवून.

फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका. दिवा बसवताना स्क्रूखाली चिमटलेली वायर शोधा.

लाल काचेमागे लालच एलईडी घ्या. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल भाग कमी असतो, त्यामुळे काचेबाहेर फिकट गुलाबीच उजेड येतो.

सगळं झालं की इंजिन, हेडलाइट, इंडिकेटर आणि ब्रेक एकाच वेळी चालू ठेवा. कुणाला तरी ब्रेकवर बसवा आणि मागे वीसेक पावलं जाऊन बघा. एकदा रात्री, एकदा भर दुपारच्या उन्हात, आणि थोडं बाजूला सरकूनही. रिफ्लेक्टरमध्ये एलईडी योग्य जागी बसलेली नसेल तर सरळ मागून छान दिसते आणि तिरक्या कोनातून गायब होते. असं झालं तर ती काढा आणि जुना बल्ब परत लावा.