सेलवरचा टिन ओपनर अर्ध्यावर थांबतो? या चुका टाळा

पंगत बसलेली असते, आमरसाचा टिन ओट्यावर असतो आणि ओपनर अर्धी फेरी मारून घरघरत थांबतो. मग सुरी, बत्ता, पक्कड अशी सगळी हत्यारं बाहेर निघतात. पत्रा वेडावाकडा फाटतो, कुणाचं तरी बोट कापतं आणि ओपनर ‘बिघडलाय’ म्हणून माळ्यावर जातो. सातारा-सांगलीकडे आंब्याचा हंगाम सरला की आम्रखंडाला आणि मिल्कशेकला पल्पचे टिन लागतात. सणाला रसगुल्ले येतात, फ्रूट सॅलडला अननसाचे काप. त्यामुळे हे यंत्र धड चालणं गरजेचं आहे आणि माळ्यावर गेलेल्या बहुतेक ओपनरांत खरं तर काही बिघडलेलं नसतं.

आधी डब्याची कडा ओळखा

ओपनरचा सगळा संबंध डब्याच्या उभ्या कडेशी आहे. झाकणाचा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत दुमडून ही कडा दाबलेली असते. झाकणाचे 3 पदर आणि अंगाचे 2, असे 5 पदर तिथे एकत्र येतात. मध्ये रबरासारखं पातळ सीलिंग कंपाउंड भरलेलं असतं, त्यानेच डबा हवाबंद राहतो. शिवाय डब्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक उभा जोड असतो. तो लेबलखाली झाकलेला असला तरी कडेवरून बोट फिरवलं की उंचवटा लागतो. तिथे कडा सगळ्यांत जाड असते आणि मोटरला सर्वांत जास्त जोर तिथेच काढावा लागतो. कमजोर सेल बहुधा याच जागी हात टेकतात.

म्हणून यंत्र जोडावर ठेवून कधीच सुरू करू नका. जोडाच्या 1-2 सेंटीमीटर पुढे, फेरीच्या दिशेला ठेवा. मग जोड शेवटी येतो, आणि यंत्र तिथे थांबलंच तरी बाकीचं झाकण सुटलेलं असतं.

यंत्राच्या पोटाशी दोन चाकं असतात. एक धारेचं, ते पातं. दुसरं दातेरी, ते कडा पकडून यंत्राला पुढे ओढतं. डब्याची कडा या दोघांच्या फटीत बसायला हवी. ठेवल्यावर खाली वाकून, डोळे डब्याच्या उंचीला आणून एकदा बघा. दातेरी चाक कडेच्या डोक्यावर चढलेलं असेल, तर मोटर फिरते पण यंत्र जागेवरच राहतं आणि पत्र्यावर नुसते दातांचे ओरखडे उठतात. एकदा खरवडलेल्या जागी दात पुन्हा धरत नाहीत. 3-4 सेंटीमीटर सरकून नव्या जागी सुरुवात करा.

झाकण सुटलेलं असतं, पण दिसत नाही

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो इथे. हे ओपनर दोन तऱ्हेचे मिळतात. काही झाकण वरून, कडेच्या आतून कापतात. काही बाजूने, कडेचाच बाहेरचा पदर कापतात. बाजूने कापणाऱ्या यंत्राची फेरी पूर्ण झाली तरी डबा जसाच्या तसा बंद दिसतो. सीलिंग कंपाउंड झाकणाला धरून ठेवतं, त्यामुळे डबा हलवला तरी झाकण उचकत नाही. माणसाला वाटतं, कापलंच नाही. तो पुन्हा बटण दाबतो.

ही दुसरी फेरी घात करते. आधीच कापलेल्या पदरावरून पातं पुन्हा गेलं की पत्र्याची केसासारखी बारीक सालं निघतात आणि ती सरळ रसात पडतात.

एक फेरी झाली की यंत्र उचला आणि कडा उजेडात बघा. बाहेरच्या अंगाला सलग चकचकीत रेघ दिसली, तर काप झालेला आहे. झाकणाची कड अंगठ्याने वर ढकला. नाहीच सुटली, तर छोट्या पकडीने कड धरून हलकेच वर ओढा. ‘टक्’ असा आवाज येऊन झाकण निघतं. चाकू खुपसायची गरज नाही.

सालं पडल्याची शंका आली, तर डबा स्टीलच्या बारीक गाळणीवर ओता. डबे लोखंडी पत्र्याचे असतात, म्हणून फ्रिजवरचं लोहचुंबक स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून कडेच्या आतून फिरवलं तरी कण चिकटून येतात. दर वेळी सालं निघत असतील, तर पातं झिजलेलं आहे. तो ओपनर खाण्याच्या डब्यांना वापरू नका.

सेल: खरी गोम इथेच

बहुतेक यंत्रांना 4 डबल-ए सेल लागतात, भिंतीवरच्या घड्याळात बसतो तो आकार. म्हणून मग घड्याळासाठी आणलेलेच सेल ओपनरमध्ये जातात. पण घड्याळाला लागणारी वीज इतकी थोडी असते, की साधा सेलही वर्षभर पुरतो. ओपनरची मोटर त्याच्या हजारो पट वीज एका दमात ओढते. साध्या झिंक-कार्बन सेलला तेवढी वीज पटकन देता येत नाही. पत्र्यात पातं शिरायची वेळ आली की व्होल्टेज बसतं आणि मोटर नुसती कण्हते. सेल नवाकोरा असला तरी हेच होतं.

साताऱ्याच्या मोती चौकात घ्या नाहीतर सांगलीच्या गणपती पेठेत, दुकानदाराकडे नुसता ‘पेन्सिल सेल’ मागू नका. अल्कलाइन सेल मागा आणि हातात घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचा. एलआर6 असेल तर अल्कलाइन, नुसतं आर6 असेल तर साधा. अल्कलाइन महाग पडतो, पण या कामाला तोच लागतो.

चारही सेल एकाच वेळी, एकाच जातीचे बदला. तीन जुने आणि एक नवा घातला, तर आधी संपलेल्या सेलमधून बाकीचे तिघे उलटी वीज ढकलतात, तो तापतो आणि पाझरतो. ओपनरमधून काढलेले सेल लगेच फेकू नका. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, असेल तर लावून बघा. 1.3 व्होल्टच्या आसपासचा सेल ओपनरला निकामी, पण घड्याळात अजून बरेच महिने चालतो. मात्र नव्या सेलची जात मल्टिमीटरवर ओळखता येत नाही. मोटर न लावता मोजलं तर साधा सेलही 1.5 व्होल्टच्या वर दाखवतो, त्याचं व्होल्टेज बसतं ते मोटरचा भार पडल्यावर.

रिचार्जेबल सेल, म्हणजे एचआर6, हे 1.2 व्होल्टचे असतात. चारांचे 4.8 होतात, अल्कलाइनचे 6. तरी भाराखाली ते टिकून राहतात, म्हणून पूर्ण चार्ज केलेले असतील तर काम देतात. यंत्राच्या पुस्तिकेत नको म्हटलं असेल तर मात्र घालू नका. एक धोका नीट लक्षात ठेवा. याच आकाराचे 14500 नावाचे लिथियम सेल बाजारात येतात, ते 3.7 व्होल्टचे असतात. चार घातले तर 14.8 व्होल्ट होतात आणि मोटर जळते.

यूएसबीने चार्ज होणारा ओपनर चार्जच होत नसेल, तर आधी वायर बदला. दोन्ही टोकांना सी-टाइप असलेल्या वायरवर काही स्वस्त यंत्रं चार्जिंग घेतच नाहीत. जुन्या चपट्या यूएसबी टोकाची वायर आणि साधा 5 व्होल्टचा चार्जर लावला की दिवा लागतो.

महिनाभर वापर नसेल, तर सेल काढून ठेवा. ड्रॉवरमध्ये लाटणं बटणावर दाबलं जातं आणि यंत्र आतल्या आत फिरत राहतं, असंही होतं. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात तर स्प्रिंगवर गंज चढायला वेळ लागत नाही. अल्कलाइन सेल पाझरला तर पांढरी भुकटी दिसते. ती क्षारधर्मी असते. हातमोजे घालून कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घ्या, पुसा, मग ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या काडीने पुसून एक दिवस सुकू द्या.

चालू असताना काय धरायचं

डबा धरा, यंत्र नाही. ग्रॅनाइटचा ओटा ओला असेल तर यंत्राऐवजी डबाच गरगर फिरतो. खाली पिळून घडी केलेलं फडकं ठेवा आणि डबा बुडाशी एका हाताने हलकेच धरा. यंत्रावर वरून दाब देऊ नका, त्याने चाकं कडेवरून निसटतात. प्लॅस्टिकचं वरचं झाकण आणि कडेला चिकटलेलं प्लॅस्टिक आवरण आधी काढा, नाहीतर दातेरी चाकात गुंडाळतं.

अर्ध्यावर अडकलंच तर उपसून काढू नका, आतली गिअर बहुधा प्लॅस्टिकची असतात. डबा जागेवरच ठेवून चारही सेल बदला आणि पुन्हा बटण दाबा. बहुतेक वेळा यंत्र फेरी पूर्ण करून आपोआप पकड सोडतं.

850 ग्रॅमच्या टिनाचा व्यास 10 सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणजे साधारण 31 सेंटीमीटरचा काप. 3.1 किलोच्या पल्पच्या टिनाला तोच काप 49 सेंटीमीटर होतो, आणि डबाही जड. लग्नकार्यात असे दहा-बारा टिन उघडायचे असतील, तर या छोट्या मोटरचं ते काम नव्हे. टेबलाला आवळायचा हातचक्कीचा ओपनर आणा. घरीही सलग 3-4 डब्यांनंतर पाच-दहा मिनिटं यंत्र निवू द्या.

यावर लावूच नका

तेलाचा 15 किलोचा चौकोनी डबा यावर उघडत नाही. कोपऱ्यावर यंत्र वळू शकत नाही. तुपाच्या किंवा दूध पावडरच्या डब्याचं दाबून बसवलेलं झाकण चमच्याच्या दांड्याने उचकावं. रिंग तुटलेल्या टिनाला खालून लावून बघता येतं, पण बुडाला उभी कडा असेल तरच. काही टिनांचं बूड अंगासकट एकाच पत्र्यातून ओढलेलं, गोलसर असतं. तिथे पकडायला काहीच नसतं.

कडेवरच खोल पोचा असेल, तर कसा उघडायचा हा प्रश्नच सोडा. तिथला जोड सैल होऊन आतलं खराब झालेलं असू शकतं. फुगलेला टिन तर उघडायचाच नाही, चव घेऊन बघणं तर दूरच.

साफसफाई

रसगुल्ल्याचा पाक पात्यावर वाळला की दगडासारखा होतो आणि पुढच्या वेळी चाक फिरत नाही. आमरस आंबट, तो गंज आणतो. म्हणून काम झाल्या झाल्या सेल काढा, जुना टूथब्रश गरम पाण्यात बुडवून झटका आणि पातं व दातेरी चाक घासा. नंतर कोरड्या कापडाने पुसा. यंत्र नळाखाली धरू नका, पाणी मोटरपर्यंत जातं. पातं सुटं निघत असेल, तर तेवढंच धुवा.

पात्याच्या दांड्यावर थेंबभर तेल लागतं. शिलाई मशीनचं तेल नको, ते पोटात जायचं नाही. शेंगदाण्याचं तेल काही महिन्यांत चिकट होतं. खोबरेल 24 अंशांखाली गोठतं, म्हणजे साताऱ्याच्या डिसेंबरच्या सकाळी चाक घट्टच. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, ते पोटात घेण्याच्या प्रतीचंच मागा. ते ना चिकटतं, ना गोठतं.

उघडलेला डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका. हवा लागली की आंबट रस पत्र्यावरचं कथलाचं अस्तर भराभर ओढतो. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा आणि 3-4 दिवसांत संपवा.

कृष्णाकाठी असाल तर

2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीकरांनी विजेशिवाय दिवस काढले. अशा वेळी सेलवरचा ओपनर उपयोगी पडतो, पण त्याच्याच भरवशावर राहू नका. पुराच्या पिशवीत चार न उघडलेले अल्कलाइन सेल आणि हाताने चालवायचा एक साधा ओपनर, दोन्ही ठेवा.

पुराच्या पाण्यात बुडालेला टिन धड असला तरी तसाच उघडू नका. पातं बाहेरची घाण आत नेतं. लेबल काढा, साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा, मग पाण्यात बुडवून उकळी आल्यावर आणखी 2 मिनिटं ठेवा. निवल्यावर मार्करने आत काय आहे आणि मुदतीची तारीख पत्र्यावर लिहा. गंज लागलेला, पिचलेला किंवा पाझरणारा डबा मात्र टाकून द्या.