गरोदरपणातल्या गोळ्या: डबा उलटा करून काय वाचायचं

मागच्या पावसाळ्यात माझी भाची कोपरखैरण्याहून ठाण्याला आली. चौथा महिना नुकताच लागला होता. दारात छत्री झटकून आत आली आणि तिने पिशवी सरळ माझ्या दिवाणावर रिकामी केली. "मावशी, यातलं घेऊ काय आणि ठेवू काय?"

पिशवीत नागरी आरोग्य केंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्या होत्या. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या स्ट्रिप्स होत्या. न्यू जर्सीच्या नणंदेने पाठवलेली गमीजची, म्हणजे जेलीसारख्या चघळायच्या गोळ्यांची, बाटली, "मातांसाठी खास" पावडरचा डबा आणि शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला गर्भसंस्कार किट हेही होतं. घरात या सगळ्याला एकच नाव होतं, "व्हिटॅमिनं".

मी नौपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानात चोवीस वर्षं काउंटरमागे उभी होते. तेवढ्या काळात कंपनी चांगली का, किंमत किती, दुसरं स्वस्त आहे का, हे लोकांनी रोज विचारलं. ही वस्तू औषध आहे की अन्न, हे मात्र बोटावर मोजण्याइतक्यांनीच विचारलं. माझ्या मते सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण ती वस्तू कोणी तपासली, किती कडक तपासली आणि बिघडली तर कुणाकडे जायचं, हे सगळं त्यावर ठरतं.

आधी सगळं एका चादरीवर मांडा

कपाटातलं, पर्समधलं, ऑफिसच्या ड्रॉवरमधलं सगळं बाहेर काढा. "ते नुसतं प्रोटीन आहे", "ते तर आयुर्वेदिक आहे" म्हणून काही मागे ठेवू नका. कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल असतील तर त्याही काढा. त्यांच्याकडे मी नंतर येते.

आता उलटं करा

पुढच्या बाजूला आई, बाळ आणि गुलाबी फूल असतं. कामाची माहिती मागच्या बारीक अक्षरांत असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करा. मीही आता तसंच करते.

औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर, निर्मितीची तारीख आणि एक्सपायरी दिसेल. ही वस्तू १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते. औषध बनवण्याआधीच परवाना घ्यावा लागतो. लेबलवर लिहिलेलं प्रमाण गोळीत प्रत्यक्ष असावं लागतं, आणि औषध निरीक्षक दुकानातून नमुना उचलून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. नापास झालेल्या बॅचची यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर टाकते. त्या यादीत कॅल्शियम आणि डी-३च्या गोळ्याही येऊन गेल्या आहेत. यादी वाचताना ब्रँडच्या नावाने घाबरू नका, तिथे एकेका बॅचचा हिशेब असतो. आपल्या स्ट्रिपवरचा बॅच नंबर जुळतो का, तेवढंच पाहा.

ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्कॅन केला की कंपनी, बॅच, तारखा आणि परवाना दिसायला हवा. तो स्ट्रिपवरच्या छापील मजकुराशी ताडून बघा.

मागे एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, चिन्ह आणि १४ आकडी क्रमांक असेल तर ते अन्न आहे, गोळीच्या आकाराचं असलं तरीही. कुठेतरी "हेल्थ सप्लिमेंट" किंवा "न्यूट्रास्युटिकल" लिहिलेलं असेल आणि "औषधी वापरासाठी नाही" या अर्थाची इंग्रजी ओळ असेल. ही ओळ कायद्याने छापावीच लागते आणि कंपन्या ती शक्य तितकी बारीक छापतात. अशा वस्तूंवर २००६चा अन्नसुरक्षा कायदा आणि त्याखालचे पूरक आहाराचे नियम लागू होतात. जीवनसत्त्वं रोजच्या गरजेच्या आसपासच्या मर्यादेत ठेवायची असतात आणि आजार बरा करण्याचा दावा करायचा नसतो. रक्त कमी असताना लागणारा मोठा डोस हे औषधाचं काम आहे. म्हणून "हिमोग्लोबिन महिन्यात वाढवते" असं डब्यावर लिहिलेलं दिसलं आणि मागे अन्नाचा परवाना असला, तर माझ्या भुवया वर जातात. तुमच्याही जायला हव्यात.

१४ आकडी क्रमांक खरा आहे का, ते एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर तपासता येतं. परवाना चालू आहे का आणि नाव डब्यावरच्या कंपनीचंच आहे का, हे दोन्ही बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

आयुर्वेदिक औषधाला आयुर्वेदाचा वेगळा परवाना असतो. तोही १९४०च्याच कायद्यातून येतो, फक्त प्रकरण निराळं. शतावरी कल्पाचा डबा बघून मला धडकी भरत नाही, पण भस्म आणि रसौषधी पाहून भरते. गर्भपाल रसाचंच घ्या. नावातच गर्भ आहे, म्हणून तो बिनधोक वाटतो. त्याच्या शास्त्रोक्त पाठात हिंगुळ आणि नागभस्म आहे, म्हणजे पारा आणि शिसं. न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला २०११–१२मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात जास्त शिसं सापडलं होतं. सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधं घेत होत्या. वैद्यांशी माझं भांडण नाही. किटमध्ये घटकांची यादी नसलेली पुडी असेल तर ती पोटात जाऊ नये, एवढंच म्हणते. आणि "मुलगाच होईल" असं सांगून कुणी काही देत असेल तर ते घेऊ नकाच, तक्रारही करा.

दोन एफडीए

गमीजच्या बाटलीवर भाचीचा सर्वात जास्त विश्वास होता. "मावशी, अमेरिकेची आहे, एफडीएची असेल ना?"

आपल्याकडे एफडीए म्हटलं की राज्याचं अन्न व औषध प्रशासन आठवतं. दिवाळीच्या तोंडावर भेसळीचा खवा पकडणारं तेच. अमेरिकेतलं एफडीए वेगळं. तिथे १९९४च्या कायद्यानुसार पूरक गोळ्या विकण्याआधी सरकारची मंजुरी लागत नाही. उत्पादन सुरक्षित असल्याची जबाबदारी कंपनीची असते आणि तक्रारी आल्या की मग सरकार हात घालतं. बाटलीवरच्या दाव्यांचं एफडीएने मूल्यमापन केलेलं नाही, असं त्या बाटलीवरच तारांकित करून लिहिलेलं असतं. "एफडीए नोंदणीकृत कारखान्यात बनवलेलं" याचा अर्थ मंजूर असा होत नाही.

अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२३मध्ये गरोदरपणातली बारा पूरकं प्रयोगशाळेत तपासली. त्यातल्या अकरांमध्ये निदान एका पोषकाचं प्रमाण लेबलपेक्षा मान्य फरकाबाहेर, कमी किंवा जास्त, निघालं. तेव्हा परदेशी बाटली आहे म्हणून डोळे मिटून घेऊ नका. बाटलीवर यूएसपी या संस्थेच्या पडताळणीचा शिक्का असेल तर निदान आत काय आहे ते कुणी त्रयस्थाने तपासलेलं असतं. आणखी एक गोष्ट. बऱ्याचशा गमीजमध्ये लोह नसतंच. गोळीऐवजी गमी खाल्ली म्हणजे लोह मिळालं, असं धरून चालू नका.

तीच बाटली इथल्या ऑनलाइन दुकानातून घेतली असेल तर तिच्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि एफएसएसएआय क्रमांक हवा. स्टिकर नसेल तर परत करा.

बेरीज

आता कागद-पेन घ्या. प्रत्येक वस्तूतलं लोह, फॉलिक अॅसिड, कॅल्शियम, ए आणि डी जीवनसत्त्वं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. इथे तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली गोष्ट, क्षाराचं वजन आणि आतल्या धातूचं वजन वेगळं असतं. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. लोहाचंही तसंच. "एलिमेंटल" या शब्दापुढचा आकडा लिहायचा.

दुसरी, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. पहिल्या तिमाहीत फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम सांगतात, आणि ते गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू असलेलं बरं, कारण बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. दुकानात मात्र सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी हातात येते. ती ५००० मायक्रोग्रॅम झाली. आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल तर डॉक्टर एवढा मोठा डोस मुद्दाम देतात. तसं काही नसेल तर विचारा.

तिसरी गोष्ट म्हणजे दुहेरी घेणं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, असा तिचा नेम आहे. भाचीच्या डॉक्टरांच्या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह आणि दीड मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड होतं. आरोग्य केंद्राला खासगी डॉक्टर माहीत नव्हते आणि डॉक्टरांना केंद्रातली गोळी माहीत नव्हती. ही मात्र दोन्ही घेत होती, म्हणजे रोज १६० मिलिग्रॅम. रक्त फार कमी असेल तर डॉक्टर जास्त लोह देतातच, पण ते ठरवून. इथे कुणीच काही ठरवलेलं नव्हतं. पोट का बिघडलं ते तिला त्या दिवशी कळलं. शौच काळसर होणं लोहामुळे असतं, त्याला घाबरू नये. फॉलिक अॅसिड रोज हजार मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बी-१२ची कमतरता झाकली जाऊ शकते. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ती कमतरता काही विरळा नाही.

ए जीवनसत्त्वाच्या ओळीवर जरा थांबा. रेटिनॉल किंवा रेटिनाइल या नावाने असलेलं ए रोज १०,००० युनिटच्या वर जाता कामा नये. ते ३००० मायक्रोग्रॅम होतं. त्याहून जास्त गेलं तर बाळाला व्यंगाचा धोका असतो. बीटा-कॅरोटिन, म्हणजे भाज्या-फळांतून मिळणारं ए, त्यात धरायचं नाही. कॉड लिव्हर ऑइल माशाच्या यकृताचं असल्यामुळे त्यात हेच रेटिनॉल असतं. म्हणून त्या कॅप्सूल चादरीवर हव्यात. डीबद्दल एकच सांगते. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायला सांगितलेली असते. ती रोज घेतलेल्या दोन बायका मी पाहिल्या आहेत.

बेरीज झाली की कागदाचा फोटो डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून काहीही बंद करू नका, विशेषतः लिहून दिलेलं लोह. शासकीय केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी असते, तिथेही कागद नेता येतो.

दुकानात

छापील बिल मागा, त्यावर बॅच नंबर असतो. अर्धी स्ट्रिप घ्यायची असेल तर बॅच आणि तारीख असलेला भाग आपल्याकडे राहील अशी कापून मागा. मी काउंटरवर असताना यावरून माझ्यावर चिडलेली गिऱ्हाइकं होती आणि माझ्यापाशी कुरकुरलेले मालकही होते. "सेम कंटेंट आहे" म्हणून दुसरी गोळी दिली तर एलिमेंटल आकडा पुन्हा वाचा. घरी लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने घ्या आणि लोहावर लगेच चहा नको. घरात लहान मूल असेल तर लाल गोळ्या कुलपात ठेवा. त्या साखरेच्या आवरणाच्या, दिसायला गोड असतात, आणि मूठभर लोह लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

काही बिघडलं तर

रंग उडाला, गोळी फुटतेय, वास वेगळा येतोय, क्यूआर कोड जुळत नाही, असं काही दिसलं तर उरलेली स्ट्रिप आणि बिल जपून ठेवा. महाराष्ट्रात औषध आणि अन्न दोन्हींसाठी अन्न व औषध प्रशासन एकच आहे, पण आत विभाग वेगळे आहेत. स्ट्रिपची तक्रार औषध विभागाकडे करायची आणि पावडरच्या डब्याची अन्न विभागाकडे. राज्याचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे.

नवी मुंबईकरांना इथे एक खाचखळगा लागतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, पण खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगडमध्ये. दुकान खारघरचं असेल तर ठाण्याला खेटे घालू नका, रायगडच्या कार्यालयाकडे जा.

गोळी घेतल्यावर पुरळ, चक्कर किंवा उलट्या असा त्रास झाला तर आधी डॉक्टरांकडे जा. मग औषध-दुष्परिणाम नोंदवणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनला, १८००-१८०-३०२४वर, स्वतः फोन करता येतो. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. खरेदीचे पैसे अडकले असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि फारच संशय असेल तर फी भरून सरकारी विश्लेषकाकडून औषध तपासून घेण्याचा हक्क औषध कायद्याच्या कलम २६ने तुम्हाला दिला आहे. अन्नासाठी तसाच हक्क अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४०मध्ये आहे, फक्त खरेदीच्या वेळीच दुकानदाराला तसं सांगावं लागतं.

भाचीच्या डॉक्टरांनी कागद पाहून लाल गोळीवर काट मारली आणि आपली ठेवली. गमीजही बंद केल्या. किटमधली बिननावाची पुडी कचऱ्यात गेली, कॅसेटसारखी दिसणारी मंत्रांची पेनड्राइव्ह तेवढी राहिली. पावडरचा डबा तिच्या सासऱ्यांनी रोज रात्री दुधात घालून संपवला.