न आलेल्यांचीही नोंद: इंडोनेशियातील समुदाय-परिचर्येचे संशोधन कसे करावे

इंडोनेशियात सामुदायिक आरोग्य किंवा रुग्णसेवेवर परिचर्येच्या अंगाने संशोधन करू इच्छिणाऱ्याने आराखडा कागदावर उतरवण्यापूर्वी एक सकाळ पोस्यांदूत घालवावी, असे मी आवर्जून सुचवेन. पोस्यांदू म्हणजे वस्तीतले मासिक आरोग्यसत्र. १९८०च्या दशकात देशभर पसरलेली ही व्यवस्था आजही कादेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वयंसेविकांच्या खांद्यांवर उभी आहे. तेथे पाच मेजांची पद्धत असते: पहिल्या मेजावर नावनोंदणी, दुसऱ्यावर वजन, तिसऱ्यावर नोंद, चौथ्यावर सल्ला आणि पाचव्यावर लसीकरणासारखी सेवा. ही शेवटची सेवा पुस्केस्मासमधून, म्हणजे तालुक्यासारख्या केचामातान या घटकासाठी असलेल्या सरकारी आरोग्यकेंद्रातून आलेली परिचारिका किंवा प्रसविका देते.

पोस्यांदूच्या नोंदींत एस, के, डी आणि एन अशी चार अक्षरे हमखास आढळतात. एस म्हणजे त्या वस्तीतील पाच वर्षांखालची सगळी मुले, के म्हणजे ज्यांच्याकडे वाढीचे कार्ड आहे ती, डी म्हणजे त्या महिन्यात ज्यांचे वजन झाले ती आणि एन म्हणजे ज्यांचे वजन वाढले ती. समजा एका पोस्यांदूत एस ८० आणि डी ५२ आहे. नवखा संशोधक त्या ५२ मुलांच्या आयांना प्रश्नावली देतो आणि ‘या गावातील मातांचे पोषणविषयक ज्ञान’ असे शीर्षक देऊन मोकळा होतो. उरलेली २८ मुले मात्र त्याच गावात असतात. त्यांपैकी काहींच्या आया कारखान्यात पाळीवर गेलेल्या असतात, काही मुले आजीकडे असतात, काही आजारी असतात, आणि एखादी आई मागच्या महिन्यात वजन घटल्यावर चारचौघींत बोल ऐकावे लागले म्हणून यायचीच बंद झालेली असते. अभ्यासाची खरी किंमत एस आणि डी यांमधल्या अंतराकडे तुम्ही कसे पाहता यावर ठरते. पुढची प्रत्येक पायरी मी याच दृष्टीने सांगणार आहे.

पहिली पायरी प्रश्न ठरवण्याची. इंडोनेशियात पाच वर्षांखालील मुलांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २०१८च्या राष्ट्रीय पाहणीत ३०.८ टक्के होते आणि २०२३च्या पाहणीत ते २१.५ टक्के आढळले. मोजमापाने निश्चित केलेल्या प्रौढांमधील उच्च रक्तदाबाचे प्रमाण त्याच दोन पाहण्यांत अनुक्रमे ३४.१ आणि ३०.८ टक्के होते. हे आकडे घरोघरी जाऊन, नमुना निवडून मिळवलेले आहेत. म्हणूनच ते पोस्यांदूच्या नोंदवहीतील आकड्यांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख जरूर करावा, परंतु संशोधनाचा प्रश्न मात्र परिचारिकेच्या रोजच्या कामातून यावा. गृहभेटीला गेल्यावर मधुमेहाच्या रुग्णाच्या पायांची तपासणी घरातले कोण करते? क्षयरोगाच्या गोळ्या सुरू असलेल्या माणसाने तिसऱ्या महिन्यात बरे वाटू लागल्यावर काय केले? पक्षाघातानंतर घरी परतलेल्या वडिलांची कूस दर दोन तासांनी बदलायची हे सुनेला कोणी शिकवले, आणि रात्री ते कोण करते? अशा प्रश्नांची उत्तरे परिचर्येलाच शोधावी लागतात.

दुसरी पायरी आराखड्याची, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक चुका येथेच होतात. इंडोनेशियातील पदवीस्तरावरच्या परिचर्या-संशोधनात वारंवार दिसणारा एक नमुना घेऊ. उच्च रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांना काही दिवस कोमट पाण्यात पाय बुडवून बसायला सांगितले जाते, आधी व नंतर रक्तदाब मोजला जातो, आणि नंतरचा आकडा कमी आल्यावर उपाय गुणकारी असल्याचा निष्कर्ष निघतो. या मांडणीत तुलनागट नसेल तर निष्कर्षाला आधार उरत नाही. कारण असे की, एका दिवशी ज्यांचा रक्तदाब जास्त भरला अशांनाच तुम्ही निवडता, तेव्हा त्यांच्यापैकी काहींचा आकडा त्या दिवसापुरताच वाढलेला असतो. कोणी उन्हातून चालत आलेले असते, कोणी घाबरलेले असते. पुढच्या वेळी त्यांचे आकडे काहीही न करता नेहमीच्या पातळीकडे परततात. शिवाय दुसऱ्या मोजमापाच्या वेळी परिचारिका ओळखीची झालेली असते. म्हणून निवडीपूर्वी वेगवेगळ्या दिवशी किमान दोनदा मोजमाप करावे आणि तुलनागट ठेवावाच. कोणालाही उपायापासून वंचित ठेवणे योग्य वाटत नसेल, तर तुलनागटाला तोच उपाय अभ्यास संपल्यावर द्यावा. हा मार्ग नीतिसमितीलाही पटतो आणि वस्तीलाही.

तुलनागट एकाच वस्तीतून घेऊ नये. एर्ते म्हणजे काही डझन घरांचा शेजार, आणि त्या शेजारात सकाळी शिकवलेला व्यायाम संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होतो. म्हणून व्यक्तीऐवजी संपूर्ण पोस्यांदू हा एकक मानून काही पोस्यांदूंना उपाय द्यावा आणि काहींना नंतर द्यावा. मात्र असे केल्यास नमुना वाढवावा लागतो, कारण एका वस्तीतील माणसे एकमेकांसारखी असतात. प्रत्येक पोस्यांदूतून २० जण घेतले आणि त्यांच्यातील साम्याचा गुणांक ०.०५ इतका लहान धरला, तरी आवश्यक संख्या १.९५ पटीने, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. हे गणित आधी केलेले नसेल तर विश्लेषणाच्या वेळी ते दुरुस्त करता येत नाही.

नमुन्याच्या संख्येबद्दल आणखी एक सांगितले पाहिजे. इंडोनेशियातील प्रबंधांत स्लोविनचे सूत्र सर्रास वापरले जाते: एकूण लोकसंख्येला, एक अधिक लोकसंख्या गुणिले त्रुटीच्या मर्यादेचा वर्ग, या संख्येने भागायचे. लोकसंख्या ४०० आणि मर्यादा ०.०५ असेल तर उत्तर २०० येते. मर्यादा ०.१ केली की तेच उत्तर ८० होते. विद्यार्थ्याला वेळ कमी असला की मर्यादा ०.१ होते, हे मार्गदर्शकांनाही ठाऊक असते. हे सूत्र फार तर एखाद्या गोष्टीचे प्रमाण ढोबळमानाने काढण्यासाठी चालेल. दोन गटांतील फरक शोधायचा असेल तर किती फरक रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे हे आधी ठरवून त्यावरून संख्या काढावी लागते. आणि कोणतेही सूत्र ती माणसे कोठून आणायची हे सांगत नाही. ८० जणांचा नमुना पाचव्या मेजापाशी एका सकाळी भरतो, परंतु एसच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ८० जणांपर्यंत पोहोचायला कादेरबरोबर दोन आठवडे दारोदार फिरावे लागते. मी दुसरा मार्ग सुचवतो.

तिसरी पायरी मोजण्याच्या साधनांची. अनेक पोस्यांदूंत वर्षानुवर्षे दाचिन वापरला गेला आहे. हा दांडीचा टांगता तराजू असून त्याला अडकवलेल्या झोळीत मूल बसवतात. मूल बसवण्यापूर्वी रिकामी झोळी अडकवून, सरकते वजन शून्यावर आणून, दुसऱ्या टोकाला वाळूची पिशवी बांधून दांडी समतोल करायची असते. गर्दी वाढली की ही पिशवी पहिल्या मुलाच्या वेळी एकदाच बांधली जाते, आणि मध्येच झोळी बदलली तरी वाळू तेवढीच राहते. काही ग्रॅमचा हा फरक सर्व मुलांच्या आकड्यांत एकाच दिशेने जातो, आणि एनच्या रकान्यात ‘वाढले’ की ‘नाही’ हे त्यावर ठरू शकते. म्हणून मोजमाप तुम्ही स्वतः करणार असाल वा कादेर, प्रत्येक दहा मुलांनंतर तराजू पुन्हा शून्यावर आणण्याचा नियम लेखी ठेवावा आणि काही मुलांचे वजन दोघांनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहावे.

प्रश्नावलीची अडचण याहून सूक्ष्म आहे. ३० जणांवर चाचणी घ्यायची, प्रत्येक प्रश्नाचा एकूण गुणांशी सहसंबंध ०.३६१ पेक्षा जास्त आला की तो प्रश्न ग्राह्य मानायचा, अशी रीत तेथे रुळलेली आहे. हा आकडा ३० जणांच्या नमुन्यासाठी कोष्टकातून येतो. प्रश्न लोकांना कळला का, हे त्यातून समजत नाही. मध्य जावातील एखाद्या वृद्ध आजींसमोर बहासा इंडोनेशिया या राष्ट्रभाषेतील प्रश्नावली वाचली की त्या बऱ्याचदा ‘इंग्गिह’ म्हणतात. जावानीज भाषेतील हा आदरार्थी होकार आहे. ‘औषध रोज घेता का?’ इंग्गिह. ‘मीठ कमी केले का?’ इंग्गिह. येथे होकार प्रश्नाला नसून समोरच्या शिकलेल्या माणसाला आहे. वडीलधाऱ्याला किंवा अधिकाऱ्याला नकार देण्याचा जो संकोच तेथे सुंगकान म्हणून ओळखला जातो, तो या होकारामागे असतो. त्यामुळे हो-नाहीचे प्रश्न शक्य तेवढे टाळावेत. ‘काल सकाळी कोणती गोळी घेतली, ती दाखवता का?’ असे विचारावे, पाकिटातील गोळ्या मोजाव्यात, आणि मुलाखतकार त्या माणसाच्या घरगुती भाषेत बोलणारा असावा, मग ती जावानीज असो, सुंदानीज असो की मदुरेज. प्रश्नावलीचे भाषांतर करून ते दुसऱ्या व्यक्तीकडून मूळ भाषेत परत आणवावे, आणि त्यानंतर पाच-सहा जणांना प्रश्न वाचून ‘यात तुम्हाला काय विचारले आहे?’ असे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे. या शेवटच्या तपासणीला एक दुपार लागते आणि सांख्यिकीय चाचणीतून न दिसणारे बरेच काही तीत दिसते.

रुग्णालयातील रुग्णसेवेवर काम करतानाही संकोचाचा हाच अडसर येतो. गणवेशातील परिचारिकेने खाटेशेजारी उभे राहून ‘आमच्या सेवेबद्दल समाधानी आहात का?’ असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते. मुलाखत घरी परतल्यावर, वॉर्डशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घ्यावी. इंडोनेशियातील वॉर्डमध्ये रुग्णासोबत नातेवाईक चोवीस तास असतो, आणि पाणी पाजण्यापासून अंग पुसण्यापर्यंतची बरीच कामे तोच करतो. सेवेचा अभ्यास करताना त्याला वगळले तर निम्मी सेवा नोंदलीच जात नाही. निदान व उपायांच्या नोंदीसाठी पीपीएनआय या १९७४मध्ये स्थापन झालेल्या परिचारकांच्या राष्ट्रीय संघटनेने प्रसिद्ध केलेली प्रमाणित शब्दावली वापरावी, म्हणजे दोन वॉर्डांच्या नोंदी एकमेकींशी जुळतील.

परवानग्यांचा क्रम थोडक्यात असा: विद्यापीठाच्या किंवा रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता, स्थानिक प्रशासनाचे पत्र, आरोग्य विभागाचे पत्र, मग पुस्केस्मास आणि शेवटी वस्तीच्या प्रमुखाची भेट. परदेशी संशोधकाला याआधी ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेची परवानगी घ्यावी लागते. जुने प्रबंध २०१४च्या परिचर्या कायद्याचा दाखला देतात. तो कायदा २०२३च्या आरोग्य कायद्याने रद्द झाला आहे, तेव्हा प्रस्तावात नव्या कायद्याचा उल्लेख करावा.

वेळही जपून निवडावी. फेब्रुवारी व ऑगस्ट हे जीवनसत्त्व अच्या कॅप्सूलचे महिने आहेत आणि त्या महिन्यांतील हजेरी इतर महिन्यांसारखी धरता येत नाही. रमजानमध्ये मधुमेही रुग्णांचे जेवण, औषध आणि साखर या तिन्हींचे वेळापत्रक बदलते, आणि ईदच्या सुमारास शहरी वस्त्यांतील कुटुंबे गावी गेल्यामुळे घरे बंद असतात.

संमतीपत्रावर घरातील कर्त्या माणसाने सही केली म्हणजे सून किंवा वृद्ध आई तयार आहे असे समजू नये. कर्त्याचा मान राखावा आणि नंतर जिच्याशी बोलायचे आहे तिला स्वतंत्रपणे विचारावे. मानसिक आजारावर काम करणाऱ्याने आणखी एका प्रसंगाची तयारी ठेवली पाहिजे. सरकारने १९७७मध्येच मनाई केलेली पासुंग, म्हणजे आजारी माणसाला साखळीने किंवा लाकडी खोड्यात अडकवून ठेवण्याची रीत, अजून पूर्णपणे गेलेली नाही. मागच्या खोलीत असा माणूस दिसला तर प्रश्नावली बाजूला ठेवावी. कुटुंबाने हे क्रूरपणे केले असेलच असे नाही. औषध संपलेले असते, दवाखाना दूर असतो, शेजाऱ्यांवर हल्ला झालेला असतो. त्यांना न दुखावता पुस्केस्मासमधील मानसिक आरोग्याची परिचारिका त्या घरी कशी पोहोचेल हे प्रस्तावातच लिहिलेले असावे, आणि तिचा संपर्क क्षेत्रकामाच्या पहिल्या दिवशीच तुमच्याकडे असावा.

विश्लेषण संपल्यावर, प्रबंध छापण्यापूर्वी, निष्कर्ष घेऊन त्याच पोस्यांदूत परत जावे. कादेरना एकच कागद द्यावा, त्यांच्या वस्तीचे आकडे त्यावर मोठ्या अक्षरांत असावेत, आणि शक्यतो त्यांना परिचित असलेल्या एस आणि डी याच अक्षरांत ते मांडावेत. अशा बैठकीत कोणीतरी यादी वाचून म्हणते की नदीपलीकडचे भाड्याने राहणारे कुटुंब यात नाही, त्यांची नोंद दुसऱ्या गावात आहे आणि मूल मात्र येथे वाढते आहे. ते नाव त्याच क्षणी वहीत लिहून घ्यावे, कादेरबरोबर त्या घरी जाऊन यावे, आणि अशी किती घरे एसच्या यादीबाहेर राहिली होती हे प्रबंधाच्या मर्यादांच्या प्रकरणात आकड्यासह नोंदवावे.